गोळी आणि चहा

चहाच्या टपरीवर विषय काढला मास्तरांनी. पालघरमधल्या मोखाड्याकडे शाळा आहे त्यांची. तिथल्या एका पाड्यावरून परवा बाळंतपणाच्या बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. आई-बाळ दोघंही वाचली, नशीब.

"आधी रस्ते करा," मेडिकलवाले शेठ म्हणाले, "बाकी सगळं नाटक."

वकील उसळला. "नाटक कसं? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात. २०१८-२० चा मातामृत्यू दर लाख जन्मांमागे ३३, देशाचा ९७. योजना चालतायत."

"त्याच पाहणीत ४५ टक्क्यांहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय," मास्तर म्हणाले. "दवाखान्यात पोचली, पण अंगात रक्त नाही. थोडं जास्त गेलं की संपलं. लोहाच्या गोळ्या वाटल्या, रजिस्टरात टिक झाली. पोटात गेल्या का?"

"माहेरघर योजना आहे ना?" वकील म्हणाला. "चार दिवस आधी येऊन राहायचं आरोग्य केंद्रात."

"आणि शेळ्या कोण बघणार, तू?" चहावाल्या मावशी मागून म्हणाल्या. आम्ही गप्प. चार पुरुष बाळंतपणावर बोलतोय, हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मावशींची भावजय आशाताई आहे, गावची आरोग्य स्वयंसेविका. "ती गोळ्यांचं पाकीट नुसतं देत नाही. भाकरी खाल्ली की समोर बसून गिळायला लावते, वर लिंबूपाणी. शी काळी होते, घाबरू नका, हे आधीच सांगते. नाहीतर बायका दोन दिवसांत पाकीट कणगीमागं टाकतात. आणि चहाबरोबर घेतलेली गोळी अंगी लागत नाही. पण तिचं हे समोर बसणं कुठल्या रकान्यात लिहायचं?"

मी म्हटलं, मग रकानाच बदला. गोळ्या मोजू नका, सातव्या आणि नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन मोजा आणि आशाताईला त्यावर पैसे द्या.

"दिले की हिमोग्लोबिनही कागदावरच वाढेल," वकील म्हणाला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मास्तरांचं म्हणणं, तपासणारा माणूस वेगळा ठेवा. वकिलाचं म्हणणं, तोही आपल्याच गावचा असणार. हे बराच वेळ चाललं.

शेठ मात्र मघापासून गप्प होते. मग फोन काढून थोडे लांब गेले.

"सूनबाई, ती लोहाची गोळी... कशाबरोबर घेतेस गं तू?"