कासवाच्या घरट्यावर शेडनेट लावावं का?

परभणीच्या वसमत रोडवरचा कट्टा. शाळेची सहल रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला न्यायची, कासवाची पिल्लं बघायला, एवढंच मास्तर म्हणाले आणि पोल्ट्रीवाले अण्णा सुरू झाले.

"वाळू तापली की नुसत्या माद्याच निघतात म्हणं! आमच्या सेटरला, म्हणजे अंडी उबवायच्या मशीनला, ३७.५ डिग्री लागती. अंश-दोन अंश चढलं तर पिल्लं मरतील, लंगडी निघतील, पण कोंबड्याची कोंबडी व्हायची नाही. येड्यात काढायलेत लोकं."

"अण्णा, कोंबडीचं नर-मादी अंडं पडायच्या आधीच ठरलेलं असतं," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "समुद्री कासवात तसली लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नाहीत. वाळू उबदार असली की गर्भाच्या जननग्रंथीत अ‍ॅरोमॅटेज नावाचं विकर (एन्झाइम) जोरात चालतं, इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक वाढतं, अंडाशय तयार होतं. गार असली की वृषण. साधारण २९ अंशाला निम्मे-निम्मे, किनाऱ्याप्रमाणं थोडं पुढंमागं. २७ च्या खाली जवळपास सगळे नर, ३१ च्या वर जवळपास सगळ्या माद्या." शेळ्या पाळणाऱ्या बापूंनी मुद्द्याचं विचारलं.

"मग बिघडलं काय? पंचवीस शेळ्यांमागं एक बोकड बास होतो. माद्या जास्त म्हणजे अंडी जास्त."

डॉक्टरांनी हे निम्मं मान्य केलं. मादी मध्ये एखाद-दोन वर्षं सोडून अंडी घालते, नर त्याहून लवकर पुन्हा जोडीला येतो. त्यामुळं माद्या थोड्या जास्त असल्या तर चालतं. पण ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात लहान कासवांमध्ये ९९ टक्के माद्या निघाल्या. आणि पारा तिथंच थांबत नाही. घरटं बराच काळ ३३-३४ च्या वर राहिलं की गर्भच मरू लागतात. जगतात ती पिल्लं अंगानं लहान, वाळूवर हळू, पोहण्यात कच्ची. बापूंच्या हिशेबातल्या माद्या अंड्यातच संपतात.

"मग टाका ना शेडनेट. मारा पाणी," मास्तर.

खरी वादावादी इथं झाली. वेळासला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाचं घरटं दीड फूट खोल, त्यात शंभर-सव्वाशे अंडी. वर ऊन कितीही असो, तेवढ्या खोलीवर दिवस-रात्रीचा फरक फार जाणवत नाही, त्यामुळं दुपारी दोन तास सावली करून उपयोग शून्य. उबवण ४५ ते ६० दिवसांची, आणि लिंग ठरतं मधल्या तिसऱ्या हिश्श्यात; ५० दिवस धरले तर साधारण सतराव्यापासून चौतिसाव्यापर्यंत. पुढं अंडीच आपली ऊब सोडतात, घरटं भोवतालच्या वाळूपेक्षा दोन-तीन अंशांनी चढतं. त्या उबेनं नराची मादी होत नाही, पण जीव जाऊ शकतो.

हे मात्र अण्णांना लगेच पटलं. शेवटच्या तीन दिवसांत हॅचरचं, म्हणजे पिल्लं फुटायच्या मशीनचं, तापमान तेही उतरवतात, कारण पिल्लं स्वतःच गरम असतात. "मग अंडी फिरवता का तासातासाला?"

"अजिबात नाही! घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं की गेला. हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावर कुंपण घालून अंडी पुरायच्या जागेत, हलवायचं तर पहिल्या चार-सहा तासांत, वरची बाजू वरच ठेवून."

पाण्याबद्दल डॉक्टर कडक होते. हलका शिडकावा ठीक. वाळू चिंब झाली तर कणांमधली हवा जाते आणि अंडी गुदमरतात. घरटी मीटरभर अंतरावर हवीत, नाहीतर एकाची ऊब दुसऱ्याला लागते. नेट ५० टक्के ऊन अडवणारं पुरे, अंश-दोन अंश उतरतात. तेही सरसकट नको. कोकणात नोव्हेंबरपासून अंडी पडतात. डिसेंबर-जानेवारीच्या गार वाळूवर सावली केली तर नुसते नर निघतील. सावली फेब्रुवारी-मार्चमध्ये घातलेल्या अंड्यांना.

"आणि निघालं काय, ते बघून कळतं?" अण्णा.

"नाही. पिल्लाचं लिंग बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून तापमान नोंदवणारा लॉगर अंडी भरतानाच अंड्यांच्या मधोमध ठेवायचा. वाळूवर खोचलेला थर्मामीटर उन्हाचा आकडा सांगतो, घरट्याचा नाही. लॉगर नसला तर दिवस मोजा: लवकर फुटलं म्हणजे ऊब जास्त, माद्या जास्त."

बापू अजून अडूनच. "पोरी किती, पोरं किती, हे आपण कोण ठरवणार?"

"अंडी उकरून हॅचरीत नेली तेव्हाच ठरवायला लागलो की. खड्ड्याची खोली आपली, जागा आपली, अंतर आपलं."

बापूंना ते पटलं नाही. निम्मी घरटी उघडीच ठेवा म्हणाले. डॉक्टर म्हणाले, तशीही काही उघडी ठेवावीच लागतात. नेटनं किती उतरलं ते मोजणार कशाशी?