नागपूरचं ऊन सोसलं म्हणजे सिंगापूर सोपं, हा मेसेज चुकीचा आहे

पालकांच्या ग्रुपवर फिरतंय की नागपूरच्या पोरांनी ४५ डिग्री काढलेली असते, सिंगापूरच्या ३२ नी काही होत नाही, सोबत छोटा कूलर द्या बस. असं नाही हो. मी तिथे हॉस्टेलवर राहून शिकतोय, बाराही महिने दमट, पहाटे तर ह्युमिडिटी ९० टक्क्यांच्या वर जाते, मग घाम वाळतच नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. कूलरलाही कोरडीच हवा लागते, आपल्याकडे जुलैत तो नुसती चिपचिप करतो ना, तिथे वर्षभर तेच. पंखा आणि सैल सुती कपडे कामी येतात, सुरुवातीचे एक-दोन आठवडे दुपारी पळापळ नको, चक्कर आली तर लगेच सावलीत बसून पाणी प्यायचं. प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवला त्यांनाही सांगा.