दोनच तासांसाठी तर जायचंय!

शिडाची बोट घेऊन महिनाभराच्या सफरीला निघणारी माणसं भित्री असतात. प्रत्येक दोरी गुंडाळतील, प्रत्येक झाकण दोनदा दाबून बघतील, डेकवर चमचासुद्धा सुटा ठेवणार नाहीत. तुम्हाला या थेरांची गरज नाही. तुम्ही दोन तासांसाठी निघालात. किनारा समोर दिसतोय, वारा बेताचा आहे, आणि तुम्ही लगेच परतणार हे पाण्याला आधीच कळवलेलं आहे.

सुरुवात सामानापासून करा. सहा माणसं असतील तर नऊ पिशव्या हव्यात. खाली केबिनमध्ये जागा असते हे खरं, पण पाणी प्यायचं झालं की कोण खाली उतरणार? सगळं वरच ठेवा, केबिनच्या छपरावर ओळीनं. बोट वीस अंशांनी कलली की पिशव्या आपोआप उताराच्या बाजूला जमा होतील, म्हणजे नेमक्या तिथे, जिथे कुणीतरी वाकून पुढच्या शिडाची दोरी सोडवत असेल. उरलेल्या पिशव्या मागच्या बसायच्या खोलगट जागेत, म्हणजे कॉकपिटमध्ये सोडा. तिथल्या तळाला पाणी जायला भोकं असतात. त्यांवर प्लॅस्टिकची एक पिशवी बसली की लाटेचं पाणी बाहेर न जाता आतच थांबतं. पाय बुडवायला टबाची सोय झाली!

गाण्यांचा स्पीकर होकायंत्राला टेकवून ठेवा. स्पीकरमध्ये चुंबक असतं, त्यामुळे होकायंत्राची सुई स्पीकरकडे बघत बसते. किनारा दिसतोय तोवर उत्तरेशी आपलं काय देणंघेणं? ओले टॉवेल कडेच्या तारेवर वाळत घाला. पुढच्या शिडाखालून समोरचं थोडंफार दिसत असतं, तेवढंही झाकलं जातं आणि दुसऱ्या बोटी बघून जीव घाबरा होत नाही.

आता दोऱ्या. हा विषय जरा सावकाश घेऊ, कारण पसारा करायला दोरीइतकी गुणी वस्तू नाही.

पुढचं शीड ताणून धरणाऱ्या दोरीला शीट म्हणतात. तिचा मोकळा भाग कॉकपिटच्या तळाशी ढिगासारखा पडू द्या आणि त्याच ढिगात पाय ठेवून उभे राहा, मऊ असतो. बोटीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे वळवलं की ती दोरी काही सेकंदांत सळसळत सुटते. तुमचा घोटा तिच्या फासात असेल तर तोही तिच्यासोबत निघतो. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात. इथे पाय आधी जातो, बुडणं मागाहून ठरतं. मी स्वतः एकदा असा उभा होतो. माझी फक्त चप्पल गेली. अंगठा घट्ट नसलेली चप्पल घालण्यात किती दूरदृष्टी असते, ते त्या दिवशी समजलं.

दोरीच्या टोकाला आठाच्या आकाराची गाठ मारतात, म्हणजे ती कप्पीतून निसटून जात नाही. मारू नका. निसटली तर शीड फडफडत राहील, दोरीचं टोक चाबकासारखं भिरभिरेल आणि ते पकडायला पुढे धावणाऱ्याची करमणूक होईल. मात्र विंचवर, म्हणजे दोरी ओढून घ्यायच्या फिरत्या नळकांड्यावर, वेढे देताना हात आखडता घेऊ नका. वेढ्यावर वेढा चढून दोरी अडकली की ती ना सुटते ना आवळते, आणि तेवढ्यात वारा वाढलेला असतो. तिथे बोटांनी ओढाओढ केली की बोटांची लांबी कमी होण्याची सोय आहे.

सगळ्यात मोठी मौज मोठं शीड वर चढवायच्या दोरीत, हॅलियार्डमध्ये आहे. शीड वर गेलं की तिचं काम संपलं असं समजा. उरलेला पंधरा-वीस मीटरचा भाग डोलकाठीच्या पायथ्याशी सोडून द्या आणि त्यावर दोन पिशव्या ठेवा. जोराचा झोत येईल, शीड झटकन खाली घ्यायची वेळ येईल, कुणीतरी दोरी सोडेल, आणि तिच्यातला एक पीळ कप्पीच्या तोंडाशी येऊन अडकेल. शीड अर्धं वर, अर्धं खाली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं म्हणतात. इथे सुंभ अगदी शाबूत असतो, म्हणून पिळाचा तोरा आणखीच जास्त.

विंचचा दांडा त्याच्या खिशात परत ठेवू नका, विंचवरच राहू द्या. बहुतेक दांडे धातूचे असतात आणि पाण्यात पडले की सरळ तळाशी जातात. तळालाही काहीतरी भेट द्यायला नको का?

बूमबद्दल थोडक्यात. बूम म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या कडेला असलेली आडवी काठी. हे नाव आवाजावरून पडलेलं नाही. डच भाषेत ‘बूम’ म्हणजे झाड, तिथून ते आलं. तरी आवाजाचा अर्थ काही जण स्वतःच्या डोक्यावर पडताळून बघतात. तुमच्यातल्या सगळ्यात उंच पाहुण्याला फोटो काढायला केबिनच्या छपरावर उभं करा, तेही वारा बरोबर पाठीमागून असताना. सुकाणू जरासं चुकलं की वारा शिडाची बाजू बदलतो आणि बूम डावीकडून उजवीकडे झपकन जाते. ती रोखून धरायला एक वेगळी दोरी बांधता येते. पण ती बांधायला मिनिटभर लागतं, आणि आपल्याकडे जेमतेम दोन तास आहेत.

पायांचं म्हणाल तर अनवाणीच बरं. डेकवर दोऱ्या अडकवायचे क्लीट, कप्प्या, रूळ असं बरंच लोखंड डोकं वर काढून बसलेलं असतं, आणि पायाच्या करंगळीला ते अंधारातही सापडतं. उन्हापासून वाचायचं तेलकट क्रीम डेकवरच बसून चोपडा. खाली उतरवलेलं शीड तसंच पसरलेलं राहू द्या आणि त्यावरून चाला. शिडाचं कापड ओलं झालं की साबणाशी स्पर्धा करतं. केबिनचं झाकण उघडंच असू द्या. मागे बघत बोलणाऱ्या माणसाला खाली जायचा तो सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

दमलात तर कडेच्या तारेवर रेलून बसा. पुष्कळ बोटींवर ही तार डेकपासून साधारण ६० सेंटिमीटरवर असते, म्हणजे उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या थोडी वर. शरीराचं वजन मात्र कमरेच्या आसपास तोललेलं असतं. त्यामुळे ही तार तुम्हाला अडवण्यापेक्षा उलटून टाकायला जास्त उपयोगी पडते. जुने खलाशी ‘एक हात बोटीसाठी, एक हात स्वतःसाठी’ असं म्हणत. त्यांच्या हातात फोन नव्हता, म्हणून त्यांचं जमून गेलं.

लाइफजॅकेट सगळ्यांसाठी घ्या, नाहीतर कुणीतरी नियम सांगत बसेल. घ्या आणि कॉकपिटच्या बाकाखालच्या खणात, सगळ्यात तळाशी, दोऱ्यांच्या खाली ठेवा. त्याच खणात बोट ओढायचा लांब हूकही घुसवा. पाण्यात पडल्यावर पोहता येतंच, ही म्हण काय उगाच झाली? हिशेब केलात तर बोटीचा वेग ताशी सहा नॉट म्हणजे सेकंदाला तीन मीटरच्या किंचित वर. एका मिनिटात बोट जवळजवळ १८५ मीटर पुढे गेलेली असते, आणि तेवढ्या अंतरावरून लाटांमधलं माणसाचं डोकं एका ठिपक्याएवढं दिसतं. ते मिनिट खणातल्या दोऱ्या उपसण्यात छान जातं. पडलेल्या माणसाकडे एकानं सतत हाताचं बोट दाखवत राहायचं असतं, असं जाणते सांगतात. पण बोट दाखवणारा कोण हे आधी ठरवावं लागतं. निघण्यापूर्वी पाच मिनिटं सगळ्यांना उभं करून हे सांगणं म्हणजे सहलीचा विचका. (‘ताशी सहा नॉट’ असं म्हणू नये, नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, त्यात तास आधीच आला, असं एक पाहुणा तुम्हाला सांगेल. त्याच्या हाती चहा द्या, दोरी देऊ नका.)

परतीची वेळ झाली की फेंडर, म्हणजे बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायच्या उशा, बाहेर लोंबकळत आहेतच. निघताना ते आत घेतलेच नव्हते. बांधायच्या दोरीचं एक टोकही मघापासून पाण्यात ओढलं जातंय. शीड अर्धं अडकलंय, म्हणून इंजिन सुरू करा. ती दोरी इंजिनच्या पाण्यातल्या पंख्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. धक्का अजून शंभर मीटरवर, इंजिन गप्प, आणि वारा तुम्हाला दगडांच्या बाजूला ढकलतोय. अशा वेळी नांगर टाकतात. नांगर पुढच्या खणात आहे. त्या खणाच्या झाकणावर तीन पिशव्या आहेत आणि एक पाहुणा आडवा होऊन झोपलाय. धक्क्यावरून कुणीतरी ओरडून हूक पुढे करायला सांगेल. हूक कुठे ठेवायचा ते मी वर सांगितलंच आहे.

सगळे तुमच्या तोंडाकडे बघतील. घाबरू नका, शांतपणे घड्याळात बघा. दोन तास व्हायला अजून वीस मिनिटं आहेत.