निदान पंधरा ओळी तरी लिहा

काल संध्याकाळी कापूरबावडीला ठाणे कला भवनात गेले होते. नुकतंच शिक्षण संपवलेल्या तीन मुलांच्या चित्रांचं समूह प्रदर्शन होतं, शेवटचा दिवस. दाराशी टेबलावर अभिप्राय वही होती, ती चाळली. 'अप्रतिम.' 'खूपच सुंदर.' 'पुढील वाटचालीस शुभेच्छा.' पानंच्या पानं भरलेली, पण एकाही पानावर एकाही चित्राचा उल्लेख नाही.

हे मला फार लागतं, कारण मी यातून गेले आहे. २००९ साली माझं पहिलं प्रदर्शन झालं. नुसत्या फ्रेमिंगला दोन महिन्यांचा पगार गेला होता. एका दैनिकात बातमी आली: उद्घाटन कोणाच्या हस्ते, कोण कोण उपस्थित, आणि शेवटी 'विविध विषयांवरील चित्रे'. शब्द माझ्याच प्रेस नोटमधले होते. म्हणजे चित्रं कोणी पाहिलीच नव्हती. त्या रात्री मी खूप रडले.

नव्या चित्रकारावर कोणी मोठा लेख लिहावा अशी माझी अपेक्षा नाही. त्याला पंधरा-वीस ओळींचं परीक्षण हवं असतं आणि ते वेळेत हवं असतं. मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शन मंगळवारी लागतं आणि सोमवारी उतरतं. इकडे ठाण्यात तर कित्येकदा तीन-चार दिवसांतच आवराआवर. दहा दिवसांनी आलेलं कौतुक वाचून कोण बघायला जाणार? पहिल्या संध्याकाळी बघावं आणि त्याच रात्री लिहावं. माध्यम काय, आकार केवढा, आपले पाय कुठल्या चित्रापाशी थांबले आणि का, कुठे जमलं नाही. एवढं पुरतं. 'मनाला भिडणारे रंग' लिहू नका, कुठला रंग ते लिहा. आणि कृपा करून बावीस वर्षांच्या मुलाच्या कॅनव्हासला 'गायतोंडेंची आठवण झाली' म्हणू नका; अमूर्त चित्रांच्या त्या थोर चित्रकाराशी तुलना कशाला? त्याला त्याचं स्वतःचं काही सांगा.

कळव्याच्या एका मुलीची जलरंगातली चित्रं मी मागे पाहिली होती. इमारतींच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, मागे पारसिकचा डोंगर. एका चित्रात डावीकडचा तळहाताएवढा कागद कोरा होता. मी लिहिलं की बाकी सगळीकडे हात ठाम आहे, पण या कोपऱ्याशी येऊन तो बिचकलाय. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला: 'मावशी, तिथे रंग लावायला मी खरंच घाबरले होते. माझ्या सरांनासुद्धा हे कळलं नव्हतं.' तिने तो मजकूर छापून पोर्टफोलिओत लावलाय, माझी टीका न गाळता.

पुढे नामवंत चित्रकार झालेले के. एच. आरा घरकाम करून पोट भरत होते, तेव्हा टाइम्स ऑफ इंडियात लिहिणारे रूडी फॉन लायडन यांनी त्यांच्यातला चित्रकार हेरला. १९४७ साली मुंबईत नव्या वळणाच्या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्यात आरा होते. पुढे याच मुंबईत ज्ञानेश्वर नाडकर्णी चित्रांवरही लिहीत आणि नाटकांवरही. आता वर्तमानपत्रांत ही जागा आक्रसत चालली आहे. म्हणून ते काम आपण बघणाऱ्यांनीच अंगावर घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

'आम्हाला चित्रातलं काही कळत नाही' हे मला पटत नाही. गडकरी रंगायतनमधून नाटक सुटलं की तलावपाळीवरून चालता चालता दुसऱ्या अंकाची चिरफाड करणारी हीच ठाणेकर मंडळी आहेत. नाटकाचं शिक्षण तरी कोणी घेतलंय? बघून बघून नजर तयार झाली, इतकंच.

कालचं प्रदर्शन उतरलं, मला जायलाच उशीर झाला. तरी त्यातल्या एका चित्राबद्दल लिहितेच.

कागदावर चारकोल, म्हणजे कोळशाने काढलेलं, साधारण दोन बाय तीन फूट. ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसच्या, म्हणजे बसगाड्यांसाठी बांधलेल्या पुलाखालची संध्याकाळची गर्दी. सगळ्यांच्या पाठी दिसतात, एकच बाई आपल्याकडे तोंड करून उभी आहे. तिचा चेहरा बोटाने पुसलाय, पण खांद्यावरच्या पिशवीचा शिवून घेतलेला बंद टाक्याटाक्याने काढलाय. मी त्या बंदापाशी पाच मिनिटं उभी होते. पुलाच्या खांबांचा काळा रंग कागदात इतका घासलाय की त्याचं वजन जाणवतं. उजवीकडच्या रिक्षा मात्र फोटोवरून उतरवल्यासारख्या ताठ झाल्यात. तिथे रेष मोकळी सुटलेली नाही.