खर्चाचा आकडा दाखवून विषमता संपली म्हणू नका

कट्ट्यावर बसा नाहीतर सोसायटीचा ग्रुप उघडा, एकच टुमणं: "आता कुठे राहिलीय विषमता? सरकारी आकडेच बघा." डोकं फिरतं! बघा ना, पण सगळे बघा. 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भारतात माणशी महिन्याचा खर्च अनुसूचित जातींत 5,307 रुपये, आदिवासींत 5,414, ओबीसींत 6,177 आणि 'इतर' गटात 7,333. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातला फरक पाच जणांच्या घरामागे महिन्याला दहा हजारांचा. तोही आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

कारण ही पाहणी उत्पन्न मोजत नाही, खर्च मोजते. भरलेलं भाडं धरतात, स्वतःच्या घराचं मानीव भाडं, म्हणजे तेच घर भाड्यानं घेतलं असतं तर पडलं असतं ते, धरत नाहीत. समजा, पुण्यातल्या जनता वसाहतीच्या झोपडपट्टीत पाच माणसं एका खोलीचे 5,000 भरतात. माणशी 1,000 खर्च लागला. प्रभात रोडला आजोबांच्या बंगल्यात राहणाऱ्याचं भाडं शून्य. नव्या फ्लॅटचा 45,000 चा हप्ता? शून्य. म्युच्युअल फंडातली दरमहा 20,000 ची एसआयपी? तीही शून्य, ती बचत. अरे, माणूस श्रीमंत होतो तो याच पैशातून, आणि नेमका तोच हिशेबाबाहेर!

आजारपणाचं तर बघवत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी बचत गटातून आणि सावकाराकडून मिळून 60,000 उचलले, असं धरा. दवाखान्यात भरती झाल्याचा खर्च मागच्या 365 दिवसांचा विचारतात आणि महिन्यावर आणतात. महिना 5,000, घरात पाच जण धरले तर माणशी 1,000. कर्जात बुडालेलं घर कागदावर हजार रुपयांनी वर चढलं. फेडीचे हप्ते मात्र खर्चात धरत नाहीत.

शहरी गिनी, म्हणजे विषमतेचा निर्देशांक (शून्य म्हणजे सगळे सारखे), 2022-23 ते 2023-24 या वर्षभरात 0.314 वरून 0.284 वर आला तो खर्चाचा. उत्पन्नाचा म्हणून फिरवणं बंद करा! याच पुण्यात दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी 1971 मध्ये खर्चाच्याच आकड्यांवर दारिद्र्य मोजलं, ते बरोबरच होतं. प्रश्न गरिबाच्या ताटाचा होता. श्रीमंताची तिजोरी त्या मापात मावत नाही.

शिवाय पाहणीला तीन प्रश्नावल्या, तीन महिन्यांत तीन फेऱ्या. वस्तीत दार उघडंच असतं, बाई चूल सांभाळत तेलाचा पाव किलोसुद्धा सांगते. मोठ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनच अडवतो, मग श्रीमंताचा खर्च तरी पुरता कुठून नोंदला जाणार?