किमुरांचं नाव राहिलं

जपानी दिग्दर्शक सेइजुन सुझुकींवरचा तुमचा लेख आवडला, पण ‘टोकियो ड्रिफ्टर’ (१९६६) या त्यांच्या चित्रपटातल्या रंगांचं सगळं श्रेय एकट्या सुझुकींना दिलंय, ते पटलं नाही. कलादिग्दर्शक ताकेओ किमुरा यांचा उल्लेखसुद्धा नाही! शेवटची नाइटक्लबमधली चकमक आठवा. जवळजवळ रिकामा, पांढराशुभ्र सेट, मोजक्या वस्तू, आणि प्रकाश बदलला की अख्खी जागाच बदलते. निक्कात्सु स्टुडिओत सुझुकींच्या वाट्याला बहुतेक वेळा मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवायचा दुसरा चित्रपट यायचा. पैसे कमी, दिवस कमी, विषयही वरून ठरलेला. अशात भिंती उभारण्याऐवजी त्या काढूनच टाकायच्या, हे धाडस दोघांचं होतं.

आणि सुझुकींची निक्कात्सुमधून झालेली १९६८ची हकालपट्टी लेखात एका ओळीत उरकायला नको होती. ‘ब्रँडेड टू किल’ (१९६७) पाहून स्टुडिओच्या अध्यक्षांनी ‘यांचे चित्रपट कळत नाहीत’ म्हणून त्यांना काढलं. एवढंच नाही, एका फिल्म क्लबला त्यांच्या चित्रपटांच्या प्रिंट द्यायलाही नकार दिला. तेव्हा विद्यार्थी निषेधासाठी रस्त्यावर उतरले. सुझुकी कोर्टात गेले, १९७१मध्ये तडजोड झाली, तरी मोठ्या पडद्यावर परतायला त्यांना १९७७ उजाडलं. ‘ब्रँडेड टू किल’मध्ये शिजत्या भाताच्या वासाने बेभान होणारा मारेकरी पडद्यावर आणणाऱ्या माणसाची ऐन भरातली दहा वर्षं चित्रपटाविना गेली, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

किमुरांवर स्वतंत्र लेख जरूर लिहा.