‘आठ दिवसांत लस, नवव्या दिवशी विमान’: कुत्र्याला परदेशी नेण्याबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतो आहे. ज्यांची पोरं पुण्याहून पुढे जर्मनी, आयर्लंड, अमेरिकेला गेली, त्या घरांत तो हमखास पोचतो. मजकूर थोडक्यात असा: ‘कुत्रं परदेशी न्यायला सहा महिने लागतात हे एजंटांनी उठवलेलं आहे. निघायच्या आठ दिवस आधी रेबीजचं एक इंजेक्शन द्या, कातडीखालची ओळखीची चिप शेवटी बसवली तरी चालते, जवळच्या डॉक्टरांचा शिक्का घ्या. घरातल्या कुत्र्याला रेबीज होत नाही, गावरान कुत्र्याला तर नाहीच. आणि एकदा टोचलं की जन्माची काळजी मिटली.’

मी जनावरांचा डॉक्टर आहे. तालुक्याच्या दवाखान्यात इतकी वर्षं बैल-म्हशींबरोबर कुत्रीही टोचत आलो. या मेसेजमुळे माणसांचे पैसे बुडताना पाहिले, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते आठ दिवस. लशीत मारलेला विषाणू असतो. तो टोचला की शरीर त्याला ओळखायला शिकतं आणि प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार करतं. या कामाला दोन ते चार आठवडे लागतात, ते कोणाच्या तिकिटाच्या तारखेसाठी लवकर उरकत नाही. युरोपीय संघात भारतातून कुत्रं किंवा मांजर न्यायचं तर लस टोचल्यावर किमान ३० दिवसांनी रक्त काढावं लागतं. ते संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासलं जातं आणि प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरावं लागतं. तेवढं भरलं तरी लगेच निघता येत नाही. रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं.

हे तीन महिने लोकांना सगळ्यात जास्त खटकतात. ‘अहवाल चांगला आला ना, मग आता कशाला अडवता?’ असं मला कितीदा विचारलं गेलं आहे. त्यामागचं कारण समजून घ्या. रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेहून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, आणि सावकाश सरकतो. कुत्र्यात लक्षणं दिसायला दोन-तीन आठवड्यांपासून काही महिनेही जातात. समजा लस टोचली त्याच्या आठ दिवस आधी त्या कुत्र्याला गावाबाहेर एखादं पिसाळलेलं कुत्रं चावून गेलं, आणि घरात कोणाला पत्ताच नाही. अशा वेळी लस त्याला वाचवेलच असं नाही, पण रक्ताचा अहवाल मात्र चांगला येऊ शकतो. पुढचे तीन महिने ते धडधाकट राहिलं तरच आत आजार दबा धरून बसलेला नाही ही खात्री पटते. भारतात हा आजार अजून गावोगाव आहे. ज्या देशांनी तो मोठ्या कष्टाने हटवला, ते एवढी खात्री मागणारच.

आता चिप. दारव्हा भागातल्या एक काकू जून महिन्यात दवाखान्यात आल्या. पिशवीत प्लास्टिकच्या फाईलमध्ये सगळे कागद, सोबत पिवळसर गावरान कुत्रा, खंड्या. यजमान गेल्यापासून घरी त्या आणि खंड्या दोघंच. मुलगा जर्मनीला बोलावतो आहे, पण कुत्र्याला सोडून जायला त्या तयार नाहीत. ‘पोरगा मनते आठ दिवसांत होते सारं, त्याले कोनं तरी मॅसेज धाडला. मी मनलं, एकडाव डॉक्टरसायबाले इचारून घेतो.’ तिकीट जुलैच्या पहिल्या आठवड्यातलं काढून झालं होतं.

मी कार्ड उघडलं. लशीच्या कुपीवरचं स्टिकर जागेवर, बॅच नंबर स्पष्ट, तारीख १२ एप्रिल. मानेवरून स्कॅनर फिरवला, टिक वाजलं, पंधरा आकडे आले. कार्डावरच्या आकड्यांशी जुळले. पण चिप बसवल्याची तारीख होती ३ जून. शहरातल्या एका दवाखान्यात आधी लस दिली आणि चिप मागाहून बसवली. तिथे कोणी सांगितलंच नाही की चिपच्या आधी टोचलेली लस युरोपात धरली जात नाही. कारण साधं आहे. चिप म्हणजे त्या जनावराची ओळख. ओळख पटण्याआधी टोचलेली लस याच कुत्र्याला टोचली होती, हे सांगणार कोण? म्हणून आधी चिप, मग लस, मग रक्त, हाच क्रम. (चिपमध्ये जीपीएस असतो असंही लोक म्हणतात. नसतो. तांदळाच्या दाण्याएवढी नळी, आत फक्त आकडा, बॅटरीसुद्धा नाही.)

काकूंचा चेहरा उतरला. त्याच दिवशी खंड्याला नव्याने टोचलं. जुलैत रक्त, ऑक्टोबरात प्रवास. तिकिटाचे बरेचसे पैसे बुडाले. तो मेसेज पाठवणाऱ्याने हे पैसे भरून दिले नाहीत.

घरातल्या कुत्र्याला रेबीज होत नाही, हा त्या मेसेजमधला सगळ्यात घातक भाग. याचा परदेशाशी संबंधच नाही, तो इथल्या माणसाच्या जिवावर उठणारा आहे. आपल्याकडे घरचं कुत्रं म्हणजे रात्री वावरात जाणारं, धुऱ्यावर कोल्ह्याच्या मागे धावणारं. गावरान जातीला या विषाणूपासून कोणतंही जन्मजात संरक्षण नाही. कुत्रं, मांजर, बैल, माणूस, कोणालाच नाही. मी एक बैल पाहिला आहे, तोंडातून लाळेच्या तारा, आवाज बसलेला, गिळता येईना. शेतकऱ्याला वाटलं घशात काही अडकलं, म्हणून त्याने कोपरापर्यंत हात घालून पाहिला. तीन आठवड्यांपूर्वी बैलाला कुत्रं चावलं होतं, हे त्याला मी विचारल्यावर आठवलं. त्याला आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुवायला लावले, आणि त्याच दुपारी सरकारी दवाखान्यात माणसांची लस सुरू करायला पाठवलं. तो वाचला, बैल गेला. लक्षणं दिसल्यावर या आजारातून जवळपास कोणीच वाचत नाही. जखमेवर तिखट किंवा चुना भरत बसणारी घरं अजूनही आहेत, म्हणून हे इथे लिहितो.

‘एकदा टोचलं की जन्मभर’ हेही खोटं. लशीची मुदत असते, आणि मुदत संपण्याआधी पुढचा डोस दिला तर आधीचा रक्ताचा अहवाल टिकतो. एक दिवस जरी उलटला तरी लस, रक्त, तीन महिने, सगळं पुन्हा पहिल्यापासून. शिवाय लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ती दुकानातून खिशात घालून आणू नका. बर्फाच्या डब्यातून आणा, नाहीतर दवाखान्यातच टोचून घ्या.

डॉक्टरांच्या शिक्क्याबद्दल थोडक्यात. माझा दाखला लागतो, पण तो पुरत नाही. निघण्याच्या शेवटच्या दिवसांत केंद्र सरकारच्या पशु संगरोध (क्वारंटाईन) कार्यालयाचं आरोग्य प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हे कार्यालय मुंबई, दिल्ली, हैदराबाद अशा मोठ्या शहरांत आहे, नागपुरात नाही. त्या वाटेचा हिशेब आधीच करा.

आणि सगळ्या देशांचा नियम एकच नाही. ब्रिटनला युरोपासारखाच क्रम लागतो, शिवाय तिथे पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमीचं (पोटातल्या चपट्या जंतांचं) औषध. जपानला दोन लसी आणि रक्त काढल्यापासून १८० दिवस. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम कडक केले: वय किमान सहा महिने, चिप, आणि भारतात टोचलेल्या कुत्र्याचा रक्ताचा अहवाल नसेल तर तिथे २८ दिवस विलगीकरण. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट घेतच नाही.

मेसेजमधली एक गोष्ट खरी आहे: काही एजंट भरमसाट पैसे मागतात. पण त्यावर उपाय म्हणजे क्रम आपण स्वतः जाणून घेणं. चिप, लस आणि रक्त काढणं ही कामं नागपूर-अमरावतीला नीट होतात, आणि त्यासाठी एजंट लागत नाही.

ऑक्टोबरात निघण्याआधी काकू खंड्याला घेऊन शेवटच्या तपासणीला आल्या. सगळे कागद झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, ‘तिकडं गेल्यावर याले टोचाले कधी न्यायचं?’ मी कार्डावर लशीच्या मुदतीची तारीख लाल पेनाने गोल केली आणि शेजारी लिहिलं: याच्या पंधरा दिवस आधी.